ध्रुवतारा डोक्यावर नाही!

महोदय,

'दिवसभराचा शीण घालवायचा तर रात्री आकाश बघा' हा रविवारच्या पुरवणीतला सल्ला वाचला. सल्ला चांगला आहे, पण देणाऱ्यानं स्वतः कधी मान वर केली असेल असं वाटत नाही. 'डोक्यावर तळपणारा, सर्वांत तेजस्वी ध्रुवतारा शोधा' म्हणे! कोल्हापुरात ध्रुव डोक्यावर कधीच येत नाही. हात लांब करून मूठ धरली की साधारण 10 अंश होतात. उत्तरेला क्षितिजापासून पावणेदोन मुठी मोजल्या की तो सापडतो, तोही मध्ये कुणाची पाण्याची टाकी नसेल तर. तेजाचं म्हणाल, तर पहिल्या चाळिसातसुद्धा त्याचा नंबर लागत नाही. पहिला व्याध, दुसरा अगस्त्य. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री दहाच्या सुमाराला अगस्त्य बरोबर दक्षिणेला दोन मुठींवर असतो. लेखात त्याचं नावही नाही. लंडनहून अगस्त्य दिसत नाही, त्यामुळे ज्या इंग्रजी लेखावरून हा उचलला त्यात तो नसावा!

मी उद्यमनगरात लेथ चालवतो. गेल्या आठवड्यात बिडाच्या चाळीस जॉबचा, म्हणजे ओतीव लोखंडाच्या सुट्या भागांचा, लॉट परत आला. बोअर ओव्हरसाइज, म्हणजे आतलं भोक मापापेक्षा मोठं. चूक माझीच, टूल झिजलं होतं आणि मी बघितलं नाही. ज्यांचं काम होतं त्या पार्टीचा माणूस दुकानाच्या दारात उभा राहून पोरांच्या देखत जे बोलला ते इथं लिहीत नाही. घरी आलो, चार घास गिळले आणि गच्चीवर गेलो.

तुमच्या लेखात म्हटलंय, विश्वाच्या पसाऱ्यात आपली दुःखं क्षुल्लक वाटू लागतात. मला तरी वाटली नाहीत. चाळीस जॉब भंगारात घालायचे असले की कुठलं विश्व आठवत नाही. मला बरं वाटतं ते मृगाच्या पोटातले तीन तारे बघून. आमची आज्जी त्यांना तिकांडं म्हणायची. सगळे म्हणतात की ते एका ओळीत आहेत. माझी नजर मापाची, म्हणून सांगतो, नाहीत. वरचा एक किंचित बाजूला सरकलेला आहे. पण त्याला अजून कुणी रिजेक्ट केलेलं नाही. त्या रात्री अर्धा तास मी त्या एका ताऱ्याकडेच बघत बसलो होतो.

मग ईशान्येला वळलो. सप्तर्षींना आज्जी म्हातारीचं बाजलं म्हणायची. चार तारे बाजल्याचे खूर आणि मागचे तीन चोर. बाजलं वर आलं होतं, चोर अजून यायचे होते. मधल्या चोराच्या अंगाला चिकटलेली अरुंधती दिसली की आज्जी म्हणायची, 'डोळे चांगले हाईत, आता झोप.' त्या रात्रीही अरुंधतीची वाट बघत थांबलो होतो.

तेवढ्यात समोरच्या मंगल कार्यालयाचे फोकस लागले. लग्न नाही, वाढदिवस नाही, बारसंही नाही. पांढरेफेक चार फोकस, तोंडं आभाळाकडे. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात, घालवायला एक बटण पुरतं. चोर आले की नाही ते कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊन नम्रपणे विचारलं. मॅनेजर म्हणाले, 'काका, सेफ्टीसाठी लावलेत.' मी म्हटलं, 'वरनं कोण येणार आहे? ते तीन चोर सोडले तर?' त्यांना काही कळलं नाही. बंद करू नका, नुसती तोंडं खाली करा, एवढंच माझं मागणं होतं. उजेड गेटवर पडेल, गाड्या दिसतील, बिलही तेवढंच येईल. 'बघू' म्हणाले. कोल्हापुरात 'बघू' म्हणजे काय हे संपादकांना सांगायला नको.

तेव्हा पुढच्या वेळी आकाश बघायचा सल्ला छापताना ते कुठून बघायचं तेही छापा. पन्हाळ्यावर जा, असं म्हणू नका. दहा तास मशीनवर उभं राहिलेला माणूस पन्हाळ्याला कधी जाणार आणि सकाळी आठला दुकान कधी उघडणार?

जाता जाता आणखी एक. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही आकाशाचा छोटा नकाशा छापत होता. तो कात्रून मी दुकानात कॅलेंडरशेजारी लावायचो. वर्षभर तो बंद आहे. जागा नसेल असं समजून गप्प बसलो होतो, पण राशिभविष्याला रोज अर्धं पान मिळतं. लॉट परत आला त्या दिवशी माझ्या राशीला 'व्यवसायात अनुकूलता, वरिष्ठांकडून कौतुक' होतं. ध्रुवाची दुरुस्ती छापणार असाल तर याचीही छापा.

फोकसवर बसवायला पत्र्याच्या चार टोप्या मी करून ठेवल्या आहेत. मापं रस्त्यावरूनच, नजरेनं घेतली, पण बसतील. पैसे नकोत. कार्यालयाचं कुणी हे पत्र वाचत असेल तर दुकान रात्री आठपर्यंत उघडं असतं.

– एक टर्नर, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर