भाषाशास्त्राची पोरं काय शिकतायत ते पण छापा की

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हापासून पेपरात भाषेवर बरंच छापून येतंय, सत्कार, परिसंवाद, कोण काय म्हणालं, निधीचं काय झालं, ते सगळं ठीक आहे पण जी पोरं रोज उठून ही भाषा तपासतायत त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. माझी भाची कलिना कॅम्पसला भाषाशास्त्रात एमए करतेय. नातेवाईक अजून तिच्याकडे लग्नपत्रिका शुद्धलेखन तपासायला पाठवतात, म्हणजे बघा.

तुमच्या पत्रांच्या सदरात अधूनमधून कोणीतरी मुंबईच्या मुली 'मी गेली, मी आली' बोलतात म्हणून गळा काढतं. आता समाजभाषाविज्ञानवाले, म्हणजे समाजात कोण कसं बोलतं ते बघणारे, नेमकं हेच घेऊन बसतात, फक्त चिडत नाहीत, मोजतात. कोण बोलतं, वय काय, घरातली बोली कुठली, कोळीवाड्यात आणि डोंबिवलीत फरक पडतो का. कोल्हापूरकडच्या बायका 'मी जातो' म्हणतात त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही, कौतुकाने सांगतात, मग 'मी गेली'नेच काय घोडं मारलंय?

ध्वनीवाल्यांचं काम तर मी स्वतः लॅपटॉपवर बघितलंय. 'चमचा' म्हणून बघा. लिहिताना च एकच पण बोलताना त्यातला पहिला वेगळा, दुसरा वेगळा. प्राट म्हणून आवाजाचं चित्र दाखवणारं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात तो शब्द ताणून लावला की दुसऱ्या च मधला स सारखा सळसळणारा भाग वरच्या पट्टीत गडद दिसतो, पहिल्याचा जरा खाली. फोनला मराठी ऐकायला शिकवायचं तर हे माहिती लागतंच, कारण लिपी बघून ते कळत नाही.

व्याकरणवाले त्याहून चक्रम (प्रेमाने म्हणतोय). 'त्याने पोळी खाल्ली' मध्ये ने लागतो, 'मी पोळी खाल्ली' मध्ये का नाही लागत? आणि 'तू पोळी खाल्लीस' मध्ये क्रियापद पोळीचं पण ऐकतं आणि तुझं पण, दोन मालकांचा नोकर असल्यासारखं. आपण हे जन्मभर बिनचूक बोलतो आणि का ते विचारलं की गप्प. मग कोणी लकवा झालेल्या पेशंटची वाचा जाते तेव्हा नावं जातात की प्रत्यय, ते बघतं, कोणी बुलढाण्यातल्या जळगाव जामोदकडची निहाली भाषा अभ्यासतं, जिचं नातं अजून कुठल्याच भाषाकुळाशी नक्की लागलेलं नाही आणि बोलणारे जेमतेम काही हजार. आपली जनगणना १० हजारांच्या खालच्या भाषांची नावंच वेगळी छापत नाही, त्यामुळे अशी कामं विद्यार्थ्यांनीच करायची.

सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचं उदाहरण तर जगभर शिकवतात. गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये लिहिलं की तिथे मराठी, कन्नड, उर्दू शेजारी राहून इतक्या जवळ आल्यात की शब्दाला शब्द ठेवून एका भाषेतलं वाक्य दुसरीत नेता येतं. नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडून परत जाऊन ते कितपत खरं तेही तपासलं गेलं. आपल्याकडे किती जणांना माहितीये हे?

माझी तक्रार अशी आहे की हे बरंचसं इंग्रजीत लिहिलं जातं. पीएचडीचे प्रबंध शोधगंगा साइटवर चढतात, ज्याला सापडतील तो वाचेल, पण ज्या मावशीने मासे विकून झाल्यावर बसून तासभर आपल्या बोलीत रेकॉर्डिंग दिलं तिला त्याचं पुढे काय झालं ते कधीच कळत नाही. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने बोलींच्या सर्वेक्षणातली रेकॉर्डिंग वेबसाइटवर ऐकायला ठेवलीत, ते चांगलं केलं, पण साइट आहे हे तरी कोणी सांगायला पाहिजे ना.

तर रविवारच्या पुरवणीत आठवड्याला अर्धा कॉलम द्या, एक विद्यार्थी, एक विषय, मराठीत. जागा नसेल तर राशिभविष्य थोडं बारीक करा. भाचीला विचारून ठेवलंय, पहिला लेख ती देईल, मानधन नको म्हणते, अट एकच, तिने दिलेली कोळी बोलीतली वाक्यं तुमच्या उपसंपादकांनी सुधारून छापायची नाहीत.

आपला नियमित वाचक,
विक्रोळी (पूर्व), मुंबई