गुडघ्याबद्दल नाही

बोरी, फोंडा
15 नोव्हेंबर 2025

चि. सुशांत यास बाबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू दोन मिनिटांच्या वर बोलत नाहीस आणि तेवढ्यात आई फोन ओढून घेते, म्हणून लिहायला बसलोय. सोलं आणि फणसाची साठं पाठवायचीच आहेत, त्याच डब्यात ही चिठ्ठी घालतो. आयझॉलला पोचेल तेव्हा पोचेल.

काल प्रसादने तुझा व्हिडिओ दाखवला. तुझ्या फुटबॉल अकादमीनेच टाकलाय म्हणे. 17 वर्षांखालची पोरं क्रॉसवर हेडर मारायला शिकतायत, आणि त्यांच्या गर्दीत गळ्यात शिट्टी अडकवलेला एक तेहेतीस वर्षांचा माणूस त्यांच्यापेक्षा वर उडी मारतोय. आईला तू वाळलेला दिसलास. मला तू खाली कसा आलास ते दिसलं. सगळा भार उजव्या पायावर, डावा नंतर, सांभाळून. प्रसादला मी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. शेवटी तो म्हणाला, काका, गोल बघा ना, केवढा मस्त आहे. गोल मस्तच होता. पण ज्याला शिकवायचा तो पोरगा मागे उभा राहून बघत होता, तेही मला दिसलं.

असो. गुडघ्याबद्दल लिहिणार नाही असं ठरवूनच बसलोय.

फातोर्ड्याची हकीकत सांगायची राहिली. 14 ऑक्टोबरला तिथल्या स्टेडियमवर भारताची सिंगापूरविरुद्धची मॅच बघायला मी आणि तुझा मामा गेलो होतो. पहिला गोल आपला, छांगतेचा, म्हणजे तुझ्या मिझोरामच्याच पोराचा. स्टेडियम असं उसळलं की मामाच्या हातातला चहा पुढच्याच्या डोक्यावर. मग त्यांचे दोन झाले आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली. उठून जाताना लोक कोणाला शिव्या देत होते, माहीत आहे? चुकलेल्याला नाही, खालिद जमीलला. ऑगस्टमध्ये तो भारताचा कोच झाला तेव्हा हेच लोक म्हणत होते की किती वर्षांनी आपला, भारतीय माणूस कोच म्हणून आला, सावियो मदेराच्या नंतर पहिल्यांदाच. सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आणला तेव्हाही वाहवा. महिन्याभरात शिव्या. मी गप्प बसलो होतो, पण तुझाच विचार करत होतो. फॉरवर्डचं नशीब त्याच्या पायात असतं. कोचचं दुसऱ्यांच्या पायात, आणि ते पाय सतरा वर्षांचे असले की बोलायलाच नको.

(नंतरच्याच आठवड्यात रोनाल्डोची सौदी टीम अल नासर आली, एफसी गोवाशी खेळायला. रोनाल्डो आलाच नाही. तरी गावातल्या निम्म्या पोरांनी 7 नंबरचे शर्ट घेतले होते.)

पण जमीलचीच दुसरी बाजू तुला तिथे रोज कोणीतरी सांगत असेल. मुंबईच्या क्लबाने सोडून दिला आणि त्याच माणसाने पुढच्या हंगामात, 2017 ला, आयझॉल क्लबला आय-लीग, म्हणजे देशातली मोठी लीग, जिंकून दिली. त्या आधीच्या वर्षी आयझॉल खालच्या पायरीवर ढकलली गेली होती. तेव्हा नोकरी गेली म्हणजे सगळं गेलं असं समजू नकोस. हे मी तुला सांगतोय की मलाच, कळत नाही. जुलैपासून आयएसएल, मोठ्या क्लबांची इंडियन सुपर लीग, अडकलेली, आता ती चालवायच्या टेंडरलाही कोणी बोली लावली नाही म्हणतात. मोठी माणसंच घरी बसली तर अकादमीच्या कोचचा पगार कोण देणार? 2016 ला साळगांवकर, स्पोर्टिंग आणि धेंपो, गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीग सोडली तेव्हा तू चोवीसचा होतास, पाय भरात होते. मग कोलकात्याच्या त्या क्लबात गेलास. त्यांनी पगार कसा बुडवला आणि तू आईला काय काय थापा मारल्यास ते मला सगळं माहीत आहे. तिथेच दुखऱ्या पायाने खेळवलं तुला. तूही 'मी ठीक आहे' म्हणत खेळलास.

बघ, आलोच परत गुडघ्यावर.

मग आता लिहूनच टाकतो. गणपतीला आलास तेव्हा दाबोळीहून गाडी तू चालवलीस. मी बाजूला बसलो होतो. बोरी पुलावर गाड्यांची रांग लागली होती, पहिला गिअर, थांब, पुन्हा पहिला. दर वेळी क्लच दाबताना तुझा जबडा आवळायचा. आयुष्यभर कदंबची बस चालवली मी, डावा पाय काय बोलतो ते मला कळतं. गुडघ्यातल्या लिगामेंटचं, एसीएलचं, ऑपरेशन करताना मांडीमागची शीर काढून आत बसवली तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, धावायला हरकत नाही, उडी मारून वळणं जपून. तू त्यांना म्हणालास, मग फॉरवर्डने करायचं काय? ते हसले. मला हसू आलं नव्हतं. त्यानंतर त्याच गुडघ्याची गादी फाटली. आता तिथे ते प्लास्टिकचं गवत. पाय रुतला की सुटत नाही त्यात, हे तूच मला सांगितलं होतंस.

डेपोत मला नवीन ड्रायव्हर शिकवायला द्यायचे. मी त्यांच्या बाजूला बसायचो आणि वळण आलं की माझा पाय आपोआप खाली दाबायचा. तिथे ब्रेक नव्हता, नुसता पत्रा. पोरगा घाबरत घाबरत स्वतःच दाबायचा आणि शिकायचा. तुझंही आता तेच काम आहे. तू उडी मारलीस तर ती पोरं टाळ्या वाजवतील, शिकणार नाहीत. झालं, दिलं प्रवचन. माफ कर. कोचिंगचं बी लायसन्स तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही, आणि शिकवायचं कसं हे तुला वर्गात बसवून शिकवलंय. ए लायसन्सचे पैसे मात्र तू भरू नकोस, मी ठेवलेत वेगळे.

शब्बीर अली आठवतो का तुला? कसा आठवणार, शाळेत होतास. साळगांवकरला 1998-99 ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली ना, तो कोच. मूळचा हैदराबादचा, भारताचा कॅप्टन राहिलेला पक्का स्ट्रायकर. त्याच टीममध्ये आपला गोव्याचा स्ट्रायकर ब्रुनो कुतिन्यो. मी एकदा मुद्दाम कोचकडेच बघत बसलो होतो, की स्वतः एवढे गोल मारलेला माणूस दुसऱ्याने सोपा गोल चुकवल्यावर काय करतो. काहीच केलं नाही. वही काढून काहीतरी लिहिलं. त्या दिवशी तू माझ्या खांद्यावर बसून मला लाथा मारत होतास, बाबा, बॉल कुठे आहे, बॉल कुठे आहे.

आपल्या वाड्यावर तेव्हा सगळे म्हणायचे, फुटबॉल हा सासष्टीतल्या पोरांचा खेळ, याला क्रिकेटला घाला. तुझे आजोबा तर भजनाला बसवायला निघाले होते. धेंपोच्या ज्युनिअरमध्ये निवड झाली तेव्हा त्यांनीच सगळ्या वाड्याला पेढे वाटले, स्वतः चालत जाऊन.

आणि 2004 चा डिसेंबर. हे मी कधी बोललो नाही. फेडरेशन कपची फायनल, बंगळूरला, धेंपो आणि मोहन बागान. धेंपोच्या क्रिस्तियानो ज्युनिअरने दोन गोल मारले, दुसरा मारताना गोलकीपरशी धडकला आणि उठलाच नाही. धेंपोने त्याचा 10 नंबर कायमचा बाजूला ठेवला. तू बारा वर्षांचा, त्याचा फोटो कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला. रात्री मी आईला म्हणालो, उद्यापासून याला पाठवायचं नाही. सकाळी उठलो तर तू बूट घालून ओट्यावर बसलेला. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तुला केळं दिलं आणि जा म्हणाली. तेव्हापासून तुझ्या प्रत्येक मॅचला मी गोल बघत नाही, गोल झाल्यावर तू उठतोस का ते बघतो. कोच झालास तेव्हा वाटलं, चला, सुटलो. आता हा रेषेच्या बाहेर उभा राहणार.

आणि काल तो व्हिडिओ.

रागावू नकोस. अभिमान नाही असं समजू नकोस. बाजारात त्या पिंटोच्या दुकानात कोणी विचारलं तर मीच आधी सांगतो, कोच आहे, मिझोरामला, आणि मग उगाच अर्धा तास बसतो तिथे.

प्रसादचं लग्न 8 फेब्रुवारीला ठरतंय, म्हार्दोळला. रजा आत्ताच माग, मॅच कधी लागेल सांगता येत नाही असलं कारण देऊ नकोस. आणि डॉक्टरांनी सांगितलेला एमआरआय झाला असेल तर रिपोर्ट प्रसादच्या नंबरवर टाक, माझ्या फोनवर उघडत नाही. झाला नसेल तर झाला नाही असंच लिही. 'ठीक आहे' लिहू नकोस.

तुझा,
बाबा