चोवीस जण आणि एकच वॉलेट : ब्लॉकचेन कार्यशाळेबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, प्रशिक्षण विभाग

विषय : सोलापुरातील ब्लॉकचेन प्रोग्रॅमिंग कार्यशाळेत प्रात्यक्षिक न झाल्याबाबत

महोदय,

गेल्या रविवारी होटगी रोडवरच्या हॉलमध्ये झालेल्या आपल्या कार्यशाळेला मी ३,५०० रुपये भरून आले होते. जाहिरातीत ठळक अक्षरांत होतं की प्रत्येक जण स्वतःच्या हाताने स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेन या अनेक संगणकांवर जपलेल्या, मागून बदलता न येणाऱ्या नोंदींच्या साखळीवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) लिहून डिप्लॉय करेल, म्हणजे साखळीवर चढवेल. संध्याकाळी पाचला लॅपटॉप बंद केला तेव्हा माझं एकही कॉन्ट्रॅक्ट कुठल्याच साखळीवर नव्हतं.

मी इथल्या चादर-टॉवेल कारखानदारांना बिलिंग आणि स्टॉकची सॉफ्टवेअर करून देते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी तिच्या नावावर भलताच माल खपतो. माल कारखान्यातून निघतानाच त्याची नोंद ब्लॉकचेनवर घालता येईल का, हे मला बघायचं होतं. (कारखान्यातच खोटी नोंद घातली तर साखळी ती खोटीच जपणार, हे मला कळतं. नेमकं तेच विचारायचं होतं, वेळ आली नाही.)

आपण दिलेल्या पुस्तिकेत ट्रफल आणि गनाश ही कॉन्ट्रॅक्ट बनवून तपासायची साधनं वापरायला सांगितलं होतं. ही दोन्ही साधनं बंद होत असल्याचं २०२३ मध्येच जाहीर झालं. पुस्तिकेतला कोड सॉलिडिटी या कॉन्ट्रॅक्ट लिहायच्या भाषेच्या ०.४ आवृत्तीचा, तो यंत्राला कळेल असा करणारा कंपायलर ०.८ चा. कॉन्ट्रॅक्टच्याच नावाचं फंक्शन कन्स्ट्रक्टर (कॉन्ट्रॅक्ट चढवताना एकदाच चालणारा भाग) म्हणून चालणं ०.५ पासून बंद झालं आहे. त्या चुका काढण्यातच दुपार झाली. मध्ये अर्धा तास लाइट गेली, तो दोष मी आपल्याला देत नाही. जेवणही छान होतं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी अगदी घरच्यासारखी.

खरा घोळ जेवणानंतर झाला. डिप्लॉय करायचं तर गॅससाठी, म्हणजे व्यवहाराच्या शुल्कासाठी, सेपोलिया या इथेरियमच्या सरावाच्या साखळीवरचं टेस्ट इथर (सरावाचं चलन) लागतं. ते फुकट देणाऱ्या बऱ्याच फॉसेट साइट, मुख्य साखळीवर थोडं खरं इथर असल्याशिवाय काही देत नाहीत. आमची वॉलेट (साखळीवरचं खातं सांभाळणारी ॲप) त्याच सकाळी उघडलेली, रिकामी. मग प्रशिक्षकांनी स्वतःच्या टेस्ट वॉलेटचे बारा गुप्त शब्द (ते ज्याच्याकडे, खातं त्याच्या हाती) फळ्यावर लिहिले आणि सगळ्यांना तेच मेटामास्क या वॉलेट ॲपमध्ये भरायला सांगितलं. शेजारच्या पडद्यावर तेव्हा त्यांचीच स्लाइड होती : 'हे बारा शब्द कुणालाही सांगू नका.'

पुढे जे व्हायचं तेच झालं. खात्यातून जाणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला नॉन्स म्हणजे अनुक्रमांक असतो आणि एका क्रमांकाचा एकच व्यवहार साखळीत बसतो. आम्ही चोवीस जणांनी एकाच खात्यातून एकदम बटण दाबलं. पहिल्या रांगेतल्या एका मुलाचं कॉन्ट्रॅक्ट साखळीवर गेलं, बाकीच्यांच्या पडद्यावर लाल अक्षरं. प्रशिक्षक म्हणाले, "नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, घरी करून बघा." नेटवर्क ठीक होतं. आदल्या दिवशी आमच्या वॉलेटचे पत्ते मागवून प्रत्येकाला थोडं टेस्ट इथर पाठवलं असतं तर हे घडलं नसतं. तेही नको असेल तर रिमिक्स या कोड लिहायच्या साइटमध्ये ब्राउझरच्या आतच चालणारी साखळी आहे, तिला इथर मिळवण्याची यातायातच नाही.

वर प्रमाणपत्र आलं आहे : 'स्वतः कॉन्ट्रॅक्ट यशस्वीरीत्या डिप्लॉय केले.' माझ्या वॉलेटचा पत्ता इथरस्कॅन या साखळीवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर टाकून बघा, तिथे शून्य व्यवहार दिसतील. न केलेल्या कामाचा कागद दाखवून मला गिऱ्हाइकाकडे जाता येत नाही. प्रमाणपत्र सोबत परत पाठवत आहे.

फोनवर आपल्या कार्यालयाने पुढच्या कोर्सवर २० टक्के सवलत देऊ केली. ती नको. सोलापुरातच एक पूर्ण दिवस, प्रत्येकाच्या स्वतंत्र वॉलेटसह, प्रात्यक्षिक पुन्हा घ्या. नाहीतर पूर्ण फी परत करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करीन. जाहिरात, पावती आणि पुस्तिका जपून ठेवली आहे. फळ्याचा फोटोही आहे. त्या वॉलेटमध्ये प्रशिक्षकांचं काही खरं असेल तर त्यांना ते आजच हलवायला सांगा.

आपली,
कार्यशाळेतील एक प्रशिक्षणार्थी
जुळे सोलापूर