कोनमापकाखालची ती पट्टी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी गवंडी. चाळीस वर्षं थापी धरली. आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून घरी असतो आणि सहावीतल्या नातीचा अभ्यास घेतो. घेतो म्हणजे ती करते, मी शेजारी बसतो. परवा तिचा चाचणीचा पेपर हातात आला. ‘कोन मोजा व प्रकार लिहा’ असा प्रश्न होता. पोरीने माप लिहिलं होतं 132 अंश आणि प्रकार लिहिला होता लघुकोन. दोन्हीवर एकच मोठी फुली.

आकृती बघितली तर कोन खरंच लघुकोन होता. काटकोनापेक्षा चांगलाच मिटलेला. म्हणजे डोळ्याने बरोबर ओळखलं होतं, फसवलं हत्याराने. कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून चढत जाते, दुसरी उजवीकडून. एकाच रेघेवर एका ओळीत 48 असतात, तर दुसऱ्या ओळीत 132. पोरीने नको ती ओळ वाचली. चूक तिचीच. पण 132 आणि लघुकोन शेजारीशेजारी बसलेत, हे विचित्र आहे असं तपासणाऱ्याला वाटायला हवं होतं आणि त्याहून आधी तिला स्वतःला.

आमच्या कामात नजर आधी, माप नंतर. ओळंबा सोडायच्या आत कळतं की भिंतीने पोट काढलंय. खोलीत पाऊल टाकलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का नाही, हे जुना मिस्त्री सांगतो, मग गुण्या लावून खात्री करतो. कंपासपेटीतल्या त्या दोन त्रिकोणी पट्ट्यांनाही गुण्याच म्हणतात, हे नातीला सांगितलं तेव्हा तिला फार गंमत वाटली.

तर घरी तिला म्हटलं, पुन्हा मोज, आतली ओळ नीट बघून. उत्तर आलं 48. गुरुजींनी पेपरावर 52 लिहिलेलं. पुन्हा मोजलं, पुन्हा 48. आता मात्र मी चष्मा लावला. तिच्या कोनमापकाच्या शून्याच्या रेषेखाली प्लॅस्टिकची एक कोरी पट्टी आहे, चांगली अर्धा सेंटिमीटर रुंद. पोरगी ती खालची कड कोनाच्या बाजूवर टेकवत होती. त्यामुळे कोनमापकाचं केंद्र शिरोबिंदूच्या वर उचललं जायचं आणि हा लघुकोन चार अंशांनी कमी यायचा. विशालकोन उलट जास्त येतो, तेही करून बघितलं. आणि यातली खरी गोम पुढेच आहे. गुण्या ठेवून काटकोन मोजला तर माप चोख नव्वद येतं! म्हणजे कोणी शंका घेऊन तपासायला बसला, तर नेमका तिथेच कोनमापक प्रामाणिक ठरतो.

चार अंश म्हणजे किती, ते पोरांना ठाऊक नसतं. आम्हाला असतं. बारा फुटांच्या भिंतीला दोन अंश चुकले तरी तिचं दुसरं टोक पाच इंच सरकतं. पुढे फरशी बसवताना एका कडेला तिरके तुकडे कापत बसावं लागतं आणि घरमालक रोज तिकडे बघून सुस्कारा सोडतो.

कोनाच्या नावातली तीन अक्षरंही तिला नुसती पाठ होती. मग अंगणात खुंट्या ठोकल्या. पायाची आखणी करताना कोपऱ्याच्या खुंटीला आम्ही दोन दोऱ्या बांधतो. ती खुंटी म्हणजे शिरोबिंदू, दोऱ्या म्हणजे बाजू. कोन एबीसी म्हणा नाहीतर सीबीए, खुंटी बीलाच. तिथूनच आतल्या भिंतीची तिसरी दोरी सोडली, तेव्हा ती आपणहून म्हणाली, ‘आता नुसतं कोन बी म्हटलं तर कुठला कळणार?’ अक्षरं तीन का असतात, ते तिथे समजलं. दोऱ्या लांब केल्या तर कोन वाढेल का, असं विचारल्यावर आधी ‘हो’ म्हणाली, मग खुंटीकडे बघून गप्प झाली.

एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण केली आणि दोन खुणांमध्ये टेप धरला. पाच फूट येईपर्यंत दोरी सरकवली की काटकोन झाला, कोनमापक लागलाच नाही. जागा असेल तर सहा, आठ, दहा घ्यावं, टेप सुताभर इकडेतिकडे झाला तरी कोन कमी बिघडतो.

आपल्या पत्रामार्फत शिक्षकांना विनंती आहे. कोन मोजायला सांगण्याआधी एक रकाना नजरेचा ठेवा: काटकोनापेक्षा लहान का मोठा, साधारण किती. मग 132 लिहिताना हात थबकेल. आणि वर्गातले कोनमापक एकदा उलटसुलट करून बघा, शून्याची रेषा कडेवर आहे का कडेच्या वर. कंपासपेट्या बनवणाऱ्यांना काय सांगणार, पण ती पट्टी ठेवायचीच असेल तर रेषा निदान ठळक छापा.

दोन गुणांबद्दल माझं भांडण नाही. नातीच्या कोनमापकाला मी कानस मारून कड शून्याच्या रेषेवर आणली. काल संध्याकाळी तिच्या मैत्रिणी आणखी चार कोनमापक ठेवून गेल्यात आणि माझी कानस जुनी आहे.

आपला,
एक निवृत्त गवंडी, कराड