मधुमेही रुग्णाची नोंद त्याच्यासोबत जाऊ द्या : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सादर नमस्कार.

मराठवाड्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी अनेक वर्षे वैद्यकीय अधिकारी होतो. दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातील कित्येक घरांना कुलपे लागत आणि माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जात. त्यांत मधुमेहाचे रुग्णही असत. आम्ही महिनाभराच्या गोळ्या बांधून देत असू. त्या संपल्या की फडाजवळच्या दवाखान्यात त्यांना नवा केसपेपर काढावा लागे, आणि एका दिवसाचा खाडाही परवडत नसल्यामुळे बरेच जण तो काढत नसत. एका मजुराच्या तळपायाची जखम मी पट्टा पडल्यानंतर, म्हणजे गळीत हंगाम संपल्यावर, पाहिली, तेव्हा पाय वाचवण्याची वेळ निघून गेली होती. आमच्या रजिस्टरात मात्र त्याच्या नावापुढे ‘उपचार सुरू’ असेच लिहिलेले होते, आणि ती नोंद माझ्याच सहीची होती.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. गोव्यात तर हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. त्याच वर्षी मे महिन्यात रक्तदाब व मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना २०२५ पर्यंत प्रमाणित उपचारांखाली आणण्याचा संकल्प आपल्या मंत्रालयाने जाहीर केला. तो स्वागतार्हच होता. परंतु उपचारांखाली आलेल्यांपैकी किती जणांची साखर आटोक्यात राहिली आणि कोण परत आलेच नाही, हे गावपातळीवर कळल्याशिवाय माझ्या त्या रुग्णासारखी माणसे आकड्यांत सुखरूप दिसत राहतील.

या बाबतीत स्कॉटलंडकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तेथे प्रत्येक नागरिकाला दहा अंकी आरोग्य क्रमांक असतो. त्या क्रमांकाच्या आधारे डंडी विद्यापीठातील डॉक्टरांनी १९९०च्या दशकात टेसाइड भागातील मधुमेहींच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र जोडल्या, आणि पुढे तशी व्यवस्था देशभर उभी राहिली. २००४ ते २००८ या काळात तेथील मधुमेहींमध्ये पाय घोट्याच्या वरून कापावा लागण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. याचे सारे श्रेय संगणकाला देता येणार नाही. पायांची नियमित तपासणी करणाऱ्या माणसांचा वाटा मोठा आहे. परंतु तपासणी कोणाची राहिली आहे, हे त्या माणसांना नोंदींमुळेच दिसू शकते. कुवेतने आपल्या दस्मान मधुमेह संस्थेमार्फत डंडीशी भागीदारी केली, आणि चेन्नईतील मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनही २०१७ पासून त्याच विद्यापीठाबरोबर संशोधन करीत आहे. हे नाते संशोधनापुरते न ठेवता सरकारी दवाखान्यापर्यंत आणावे, अशी माझी विनंती आहे.

असे काम आपल्याकडे जमते, याचा पुरावाही आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज’ ही आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्था यांच्या सहकार्याने २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्यातील ‘सिंपल’ हे अॅप तारीख चुकलेल्या रुग्णांची यादी परिचारिकेसमोर ठेवते आणि ती त्यांना फोन करते. मधुमेहासाठी त्या यादीत पाय, डोळे व मूत्रपिंड यांच्या राहिलेल्या तपासण्याही दिसायला हव्यात, आणि फोन करण्यासाठी परिचारिकेला कामाच्या वेळेतला वेळ मिळायला हवा. तो न देता केवळ नवे अॅप दिले, तर तिच्यावर आणखी एका नोंदवहीचे ओझे पडेल. परदेशी भागीदारांकडून पद्धत, प्रशिक्षण व परीक्षण जरूर घ्यावे. रुग्णांची माहिती मात्र भारतातच आणि २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या चौकटीतच राहावी.

आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, हे मी जाणतो. परंतु बीडचा रुग्ण बेळगावच्या फडात जातो, तेव्हा त्याची नोंद राज्याची सीमा ओलांडून नेणे केंद्रालाच शक्य आहे. ‘आभा’ म्हणजे आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा चौदा अंकी क्रमांक त्यासाठीच उपयोगी पडू शकतो. येत्या गळीत हंगामापूर्वी या दोन जिल्ह्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रे एकमेकांना जोडून सुरुवात करावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
मराठवाड्यातील एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी