किल्ला पडणारच आहे, मग खेळायचं काय?

सातारा
दि. १४ जुलै

प्रिय पम्या,

आधी वाईट बातमी. तू दिलेल्या सात फाशांपैकी आठ बाजूंचा फासा आईच्या गोदरेजच्या कपाटाखाली गेला, तो गेलाच. झाडूच्या दांड्यानं दोनदा ढोसून बघितलं. भाच्याची एक गोटी आणि २०१९ सालचं लाइट बिल निघालं, फासा नाही. तर येताना एक घेऊन ये.

आता चांगली बातमी. जानेवारीत फोनवर तू हसला होतास ना, "साताऱ्यात कोण बसणार रे रोलप्लेइंग खेळायला?" म्हणून? चौघं बसतात. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, गोष्ट आणि निवाडा माझा, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवणार. दर शनिवारी रात्री, जेवणं झाली की. मोहीम परवा संपली, आणि कधी एकदा तुला सगळं सांगतोय असं झालंय. फोनवर हे मावणार नाही.

तू शिकवलेला ड्रॅगनवाला खेळ (डंजन्स अँड ड्रॅगन्स) मी पहिल्या शनिवारी मांडून बघितला. मेव्हणा दहा मिनिटांत म्हणाला, "लगा, हे एल्फ-बिल्फ आपल्याला झेपत न्हाय. त्यांची भाषा मला येत न्हाय, आन् त्यांचं जेवण काय आसतं त्ये तुला म्हाईत न्हाय." मुद्दा बिनतोड होता. गच्चीवर गेलो तर समोर अजिंक्यतारा, त्यावर टॉवरचे लाल दिवे. म्हटलं, हाच घेऊ. साल १६९९, डिसेंबर. औरंगजेब स्वतः खाली येऊन बसलाय. वर किल्लेदार प्रयागजी प्रभू, आणि आपण चौघं गडावर.

तसं बघितलं तर हा खेळ आपल्या मुळाकडेच चाललाय. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात नकाशा, फासे आणि निवाडा द्यायला एक पंच असा युद्धखेळ सुरू झाला. तिथून फिरत फिरत १९७४ साली अमेरिकेत गायगॅक्स आणि आर्नेसननी त्यात राक्षस घातले, तोच तुझा ड्रॅगनवाला खेळ. आणि राक्षस आल्यावर वर्षभरात, १९७५ सालीच, कुणी वाइल्ड वेस्टचा आणि कुणी सतराव्या शतकातल्या फ्रान्सचा खेळ काढलासुद्धा. म्हणजे इतिहास खेळायची खाज पहिल्यापासूनची. हे मी आमच्या मंडळींना मोठ्या उत्साहानं सांगितलं. आई म्हणाली, "बरं. चहा टाकू का?"

पण पहिल्याच रात्री गाडी अडली. आमच्या शेजारचे काका तुला आठवत असतील, निवृत्त तलाठी, चष्म्याला दोरी. ते म्हणाले, "अरे पण किल्ला पडलाय की. २१ एप्रिल १७००. मग खेळायचं काय?"

मला उत्तर आलं नाही. ड्रॅगन मरेल की नाही हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून तर फासा टाकताना मजा. इथं शेवट शाळेच्या पुस्तकात छापलेला. त्यात साताऱ्याची माणसं. प्रत्येकाला तलवार हवी आणि प्रत्येकाला जिंकायचंय. भाचा आठवीत आहे. त्यानं दुसऱ्या शनिवारी वीस बाजूंचा फासा टाकला, वीस पडले, आणि तो ओरडला, "मी औरंगजेबाला मारला!" मी नाही म्हटल्यावर त्यानं लगेच दाखला काढला. संताजी घोरपड्यांनी तुळापूरला बादशहाच्या तंबूचे सोन्याचे कळस कापून आणले होते, मग मला का नाही? आता काय बोलणार? शेवटी मी निवाडा दिला: तू तंबूपर्यंत पोचलास, पहारा जागा झाला, तू तंबूची एक मेख उपटून पळालास. पोरगा आधी फुरंगटला. पण पुढच्या शनिवारी कुठूनशी खरीच लाकडी मेख घेऊन आला, आणि ती शेवटपर्यंत त्याच्या पात्राची माहिती लिहिलेल्या पानावर ठेवलेली असायची. पंख्याच्या वाऱ्यानं पान उडायचं थांबलं, हा आणखी एक फायदा.

त्या रात्री मी दोन गोष्टी ठरवल्या. एक म्हणजे वीस बाजूंचा फासा बाद. त्यावर प्रत्येक आकडा सारख्याच वेळा येणार, वीसात एकदा. एका बैठकीत चाळीस वेळा फासा पडतो, म्हणजे दर बैठकीला सरासरी दोन चमत्कार. वेढ्यात माणसाला एवढे चमत्कार कुठून मिळायचे? म्हणून आजीच्या पटाच्या सहा कवड्या काढल्या. कवडी दोन्ही बाजूंनी सारखी पडते असं धरलं (पडत नाही, पण धरलं) तर सहाही उताण्या पडायची शक्यता चौसष्टात एक. तीन पडायची चौसष्टात वीस. म्हणजे बहुतेक वेळा मधलंच काहीतरी होतं: जरा जमलं, जरा फसलं. चमत्कार होतो, पण महिन्यातून दोन-तीनदाच. आणि तुझ्या प्लॅस्टिकच्या फाशांना तो खुळखुळाट नाही, राग मानू नकोस.

दुसरं म्हणजे नियम: तारखा माझ्या, बाकी सगळं तुमचं. राजाराम महाराज मार्चमध्ये जाणार, सुरुंग १३ एप्रिलला उडणार, किल्ला २१ ला पडणार. याला कुणी हात लावायचा नाही. पण त्या साडेचार महिन्यांत कोण उपाशी राहिलं, कोण फितलं, कुणी कुणाला पाणी दिलं हे कुठं लिहून ठेवलंय? ते तुमचं. आणि इतिहासातली मोठी माणसं कुणी खेळायची नाहीत. त्यांचा फक्त हुकूम येतो, कागदावर. ते मी स्वतःला वाचवायला केलं, खरं सांगतो. महाराजांच्या तोंडी मी शनिवारी रात्री साडेदहाला काय वाक्य घालणार, आणि ते चुकलं तर या गावात राहणार कुठं?

वहिनीनं लगेच विचारलं, "मग गडावर पाणी कोण भरत होतं?" मी तोवर सगळी पात्रं मावळेच केली होती, ढाल-तलवारीसकट. पाणी भरणारं कुणी नव्हतंच माझ्या डोक्यात. लाज वाटली, पम्या. मग सगळी पानं फाडली. गडाला हवालदार असतो, सबनीस असतो, कोठाराचा हिशोब बघणारा कारखानीस असतो. खाली घेऱ्यात, म्हणजे गडाच्या पायथ्याभोवती, रामोशी, महार, बेरड, कोळी यांच्या चौक्या, ज्यांना खडा न् खडा ठाऊक. वहिनी तळ्यावरची पाणक्याची विधवा झाली, मेव्हणा घेऱ्यातला रामोशी. भाचा मेखवाला मावळाच राहिला. आणि काका अर्थातच कारखानीस.

इथून खेळ उभा राहिला बघ, आणि तो उभा केला काकांनी. मी साधा नियम केला होता: एका वाटीत चिंचोके, एक चिंचोका म्हणजे तीन दिवसांचं धान्य. वीस चिंचोके, म्हणजे दोन महिने. बाकीचं परळीहून आणायचं. काकांनी चष्मा पुसला. "माणसं किती?" पाचशे धरा. "माणशी?" अर्धा किलो. "किलो नव्हता तेव्हा. मण सांग. आणि मण कुठला, साताऱ्याचा की पुण्याचा?" पुढच्या आठवड्यात ते खतावणी घेऊन आले. जमा, खर्च, शिल्लक, उंदीर-घुशीची तूट वेगळ्या रकान्यात! छत्तीस वर्षं सात-बारा लिहिलेला माणूस तो. मी म्हटलं, काका, तूट मी धरली नव्हती. ते म्हणाले, "तू धरली नव्हतीस, घुशींनी धरली होती." आणि स्वतःच्याच वाटीतला एक चिंचोका काढून माझ्यापुढं ठेवला.

परळी म्हणजे आपला सज्जनगड. तिथं परशुराम त्रिंबक बसून साताऱ्याला रसद पोचवत होते. ग्रँट डफ लिहितो की शहजादा आजमशहालाच त्यांनी आपल्याकडे वळवलं आणि त्याच्या कानाडोळ्यामुळं धान्य वर गेलं. हा डफ पुढं साताऱ्यातच रेसिडेंट होता, १८२६ साली त्यानं लिहिलेला मराठ्यांचा इतिहास छापला गेला. म्हणजे किल्ला रोज डोळ्यासमोर असलेला माणूस. हे मी त्यांना आधी सांगितलं नाही. मेव्हण्यानं रात्री चौकीतून उतरून शहजाद्याच्या एका कारकुनाशी सौदा लावला, निव्वळ त्याच्या स्वभावाला धरून. एमआयडीसीत खरेदी खातं सांभाळतो तो. तीन कवड्या उताण्या, म्हणजे अर्धं काम. धान्य येणार, पण कारकून दर वेळी भाव वाढवणार. नंतर डफचं पान दाखवलं तर म्हणाला, "मंजे आपुन बराबर व्हतो!" आठ दिवस छाती फुगवून फिरत होता.

भाच्याचा आणखी एक हट्ट होता. शाहू महाराज तेव्हा बादशाही कैदेत, जेमतेम सतरा वर्षांचे. त्यांना सोडवायचंच म्हणाला. मी म्हटलं, तारखा माझ्या. जानेवारी १७०८ ला त्यांचा राज्याभिषेक होणार आहे, आणि तोही याच साताऱ्यात. पोरगं गप्प झालं, मग म्हणालं, "पण माझ्या मावळ्याला ते कुठं माहितीये?" बरोबर होतं त्याचं. काही उत्तर न देता मी कवड्या त्याच्या हातात दिल्या. दोन उताण्या पडल्या, बेत फसला.

मार्चचा शनिवार मी मुद्दाम पुढं ढकलत होतो. शेवटी चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि फक्त काकांच्या हातात दिली: राजाराम महाराज सिंहगडावर वारले. त्यांनी वाचली, पुन्हा घडी घातली, खतावणीत ठेवली आणि म्हणाले, "पुढचं चालू दे." कुणालाच सांगितलं नाही! वाटीत पाच चिंचोके होते. ही बातमी फुटली तर अर्धी माणसं रात्रीत उतरतील, असा त्यांचा हिशोब. वहिनी विचारत राहिली, कागदात काय आहे, आणि काका म्हणत राहिले, मिठाचा भाव. पाऊण तास. मग मी खाली छावणीत नगारे वाजवले (स्टीलच्या डब्यावर, आईनं आतून शिवी दिली). वहिनीनं विचारलं, नगारे कशाला? आणि काकांकडं बघितल्याबरोबर तिला कळलं. त्यानंतर ती काकांशी खेळात दोन शनिवार बोलली नाही, आणि खरं सांगायचं तर जिन्यातही जरा तुटकच होती.

१३ एप्रिल. ईशान्येचा तो बुरुज, मंगळाईकडचा. डफनं त्याची उंची ६७ फूट दिलीय, ४२ फूट सरळ कातळ आणि वर २५ फूट बांधकाम. बादशहाच्या तर्बियतखानानं त्याच्या पोटात महिनोन्महिने सुरुंग खणले. सकाळी बादशहाची स्वारी मोठ्या थाटात निघाली, गडावरची माणसं बघायला तटावर जमावीत म्हणून. मी एवढंच सांगितलं की खाली हत्ती दिसतायत, झूल सोन्याची आहे. कोण कुठं जातंय? भाचा पळतच तटावर. मेव्हणा त्याच्या मागं. काका म्हणाले, मी कोठारात. वहिनी म्हणाली, "मला पाणी भरायचंय, मला कसले हत्ती."

पहिला सुरुंग उडाला तो तट आत घेऊन आला. भाच्यानं कवड्या टाकल्या. एकही उताणी नाही.

त्यानं मेख उचलली, पान तसंच टाकलं आणि स्वयंपाकघरात गेला. आत आईनं डबा उघडल्याचा आवाज आला. मी पुढं जावं की नको कळेना. खेळात मी कितीतरी जणांना मारलंय, पण तेरा वर्षांच्या पोराचा चार महिन्यांचा मावळा मारणं वेगळं. पुढं सांगितलं: प्रयागजी प्रभू देवळाजवळ ढिगाऱ्याखाली सापडले होते, ते जिवंत निघाले, लोकांना शुभशकुन वाटला. मग दुसरा सुरुंग. तो उलटा, बाहेर फुटला, आणि खाली हल्ल्याला दाटीनं उभी असलेली बादशाही फौजच गाडली गेली. मेव्हणा उठून ओरडला. आतून तोंडात लाडू असलेला आवाज आला, "किती मेले?" म्हटलं, दोन हजारांच्या आसपास. "मग मी वाया नाही गेलो," आणि बाहेर येऊन बसला. त्याच्या मरण्याचा आणि त्या दोन हजारांचा काडीचा संबंध नव्हता. मी तसं म्हटलं नाही.

शेवटचा शनिवार लहान झाला. २१ एप्रिल, बोलणी, कुणी काय उचलून न्यायचं ते. किल्ल्याचं नाव शहजाद्यावरून आजमतारा ठेवलं गेलं. काकांनी खतावणीची बेरीज मारली, सही केली आणि शिल्लक दाखवली: दोन चिंचोके. वहिनी म्हणाली, "सहा दिवसांचं धान्य शिल्लक होतं, आणि माझ्या तळ्यावरच्या पोरींना अर्ध्या भाकरीवर ठेवलंत?" काका म्हणाले, "शिल्लक दाखवायची असते." मग जे जुंपलं ते बाराला आईनं दिवे मालवले तेव्हा थांबलं. अजून मिटलेलं नाही. काल भाजीच्या गाडीवर दोघं पुन्हा त्यावरच बोलत होते, आणि भाजीवाला मला विचारत होता, कुठल्या गावाला धान्य कमी पडलं म्हणून.

आता परळी घेतोय. औरंगजेब इथून सरळ तिकडंच वळला, आणि जूनमध्ये तोही गड गेला. पण मध्ये पाऊस लागला, आणि आपल्या उरमोडीच्या खोऱ्यातला पाऊस तुला माहीत आहे. या वेळी वहिनी म्हणतेय की तिला छावणीतलं पात्र हवंय, बादशाही फौजेतलं, चिखलात फसलेल्या बैलांमागचं. मेव्हण्याला ते अजून पटत नाही. पावसाचा नियम मला जमेना: तोफांची दारू भिजणं, बैल बसणं आणि ओढा चढणं एकाच कवडीवर ठेवू की वेगवेगळं? तू विचार करून ठेव. दिवाळीत चार दिवस काढ, एक शनिवार धरून. आधी सज्जनगडाच्या पायऱ्या चढू, मग खेळायला बसू. कंदी पेढे मी आणतो, फासा तू.

काकूंना नमस्कार. गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
बाळ्या

ता.क. भाच्यानं नवं पात्र केलंय. मेखवाल्याचा धाकटा भाऊ. मेख वारसानं त्याच्याकडं आली असं त्याचं म्हणणं आहे, आणि काकांनी खतावणीत तशी नोंदही करून दिलीय.