थेट चर्चांचा बोलविता धनी कोण?

माननीय संपादक,

सायंकाळ झाली की फेसबुक आणि यूट्यूबवर गोव्यातील थेट चर्चांचा फड रंगतो. जमिनींचे रूपांतर, म्हादई नदीच्या पाण्याचा वाद, नोकरभरती अशा विषयांवर तेथे तासन् तास बोलले जाते, आणि ज्या पंचायतीच्या प्रश्नाला वृत्तपत्रात चार ओळी मिळणेही कठीण, त्यालाही तेथे वेळ मिळतो. हे श्रेय या कार्यक्रमांना दिलेच पाहिजे.

मात्र त्यांचा प्रभाव केवळ प्रेक्षकसंख्येवरून जोखणे मला चुकीचे वाटते. ४० मतदारसंघांच्या या राज्यात २०२२ साली सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला. अशा ठिकाणी दोन-चार वाड्यांत पोहोचलेली चित्रफीतही पुरेशी ठरू शकते. त्यातही संपूर्ण चर्चा फारसे कोणी पाहत नाही. तिच्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि पाहुण्याने पुढच्याच वाक्यात घातलेली अट मागे राहते.

पक्षपात ही माझी तक्रार नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही यावर १९६७ मध्ये झालेल्या जनमत कौलाच्या वेळी ‘गोमन्तक’ हे दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने आणि ‘राष्ट्रमत’ विरोधात उघडपणे लढत होता, तेही दोघे मराठीतूनच. पण कोण कोणत्या बाजूला आहे हे वाचकाला ठाऊक होते, आणि १८६७ च्या वृत्तपत्र व पुस्तक नोंदणी कायद्यामुळे मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे अंकावर छापलेली असत. आजच्या थेट चर्चेत सूत्रसंचालकाचा चेहरा दिसतो. खर्च कोण करतो हे बहुधा कळत नाही. पाहुणा पैसे देऊन आला आहे की बोलावल्यामुळे, हेही नाही.

यात वृत्तपत्रांचाही वाटा आहे (हे पत्र आपल्याकडेच पाठवतो आहे, तेव्हा स्पष्टच लिहितो). रात्रीच्या चर्चेतला आरोप दुसऱ्या दिवशी ‘समाजमाध्यमांवर खळबळ’ अशा मथळ्याखाली छापला जातो तेव्हा, तपासणीविनाच त्याला छापील अक्षराचे वजन मिळते आणि मग तेच कात्रण पुढच्या चर्चेत पुरावा म्हणून दाखवले जाते. माझी विनंती एवढीच की, अशी बातमी देताना मूळ विधान पूर्ण द्यावे, ज्याच्यावर आरोप झाला त्याचे म्हणणे घ्यावे आणि कार्यक्रमाचा खर्च कोण करतो हे चालकांना विचारावे. त्यांनी उत्तर दिले नाही, तर तेही बातमीत छापावे.

आपला,
एक नियमित वाचक, फोंडा